इलेक्ट्रॉनिक तानपुरा पॉवर बँकेवर चालवायचाय : उघडून बदल करावा की बाहेरूनच भागेल?

काकडा_तासगाव
रामकृष्णहरी मंडळी.
आमचं गाव तासगाव तालुक्यात. कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा रोज पहाटे देवळात काकडा असतो. देवळात प्लग एकच, त्यावर अ‍ॅम्प्लिफायर. लाइट गेली की अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला तरी चालतं, माणसं मोकळ्या गळ्यानं म्हणतात. पण तानपुरा बंद पडला की पट्टी हलते. दोन अभंग झाले की कोण कुठं गातोय, पत्ता लागत नाही.
तानपुरा पेटीवजा, इलेक्ट्रॉनिक. मागं टॉर्चचे सहा मोठे सेल बसतात, शेजारी अडॅप्टरचं भोक. सेल महाग पडतात आणि उतरायला लागले की आवाज आधी फाटतो, मग बारीक होतो. घरात १०,००० ची पॉवर बँक पडून आहे. भाचा म्हणतो, "मामा, उघडून आत टाइप-सी बसवून देतो." पोरगा हुशार आहे, पण वाद्य मंडळाच्या वर्गणीचं आहे, म्हणून आधी इथं विचारतो. उघडू द्यावं का? पॉवर बँकेवर स्वराला काही धक्का लागतो का? आणि एका चार्जिंगवर किती वेळ चालेल?

विश्रामबाग_लॅब
काका, आधी पेचकस बाजूला ठेवा. अडॅप्टरवरच्या लेबलवर तीन गोष्टी बघून इथं लिहा.
१. आउटपुट किती व्होल्ट, आणि पुढं एसी लिहिलंय की डीसी.
२. किती मिलिअँपिअर.
३. गोलाची छोटी खूण असते, मध्ये ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे. मधल्या ठिपक्याला अधिक जोडलंय की उणे, ते.
यूएसबीतून मूळ मिळतात ५ व्होल्ट. तुमचे सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट. त्यामुळं नुसती यूएसबीची वायर कापून जोडली तर एक तर चालू होणार नाही, किंवा झाला तरी उतरलेल्या सेलवर वाजतो तसा वाजेल.

नादखुळा_मिरज
तानपुऱ्याला टाइप-सी झालं, आता पखवाजाला ब्लूटूथ कधी 😄

काकडा_तासगाव
लेबल बघितलं. ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअर, मधल्या ठिपक्याला अधिक. माझ्या मोबाइलचा चार्जर २ अँपिअरचा आहे. तेवढा करंट गेला तर आतलं जळणार नाही का?

विश्रामबाग_लॅब
नाही. विहिरीत पाणी किती आहे यावर मोटर किती उपसणार ते ठरत नाही, मोटर आपल्या ताकदीएवढंच उपसते. तसं वाद्य त्याला लागतो तेवढाच करंट ओढतं. लेबलवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे पुरवणाऱ्याची कमाल क्षमता, तो जास्त असला तर चांगलंच. व्होल्टचं तसं नाही. व्होल्ट मागितले तेवढेच द्यायचे.

सोल्डरगन_इस्लामपूर
भाच्याला करू द्या हो. एमटी ३६०८ नावाचं नखाएवढं बूस्ट मॉड्यूल मिळतं, ५ चे ९ व्होल्ट करतं. सेलच्या कप्प्यात सहज मावतं. टाइप-सी सॉकेट मागच्या बाजूला, आउटपुट सेलच्या पट्ट्यांना. संध्याकाळचं काम आहे.
दोन गोष्टी मात्र भाच्याला आवर्जून सांगा. मॉड्यूलवरचा निळा स्क्रू बरेच वेढे फिरवला तरी सुरुवातीला मल्टिमीटरवर काहीच हलत नाही, मग एकदम व्होल्टेज बदलायला लागतं. ते मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. म्हणून वाद्य जोडायच्या आधी मोकळ्यावर ९ लावून घ्यायचे आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. तो वाळला की स्क्रू धक्क्यानं फिरत नाही.
दुसरं, टाइप-सी सॉकेट घेताना त्यावर ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर आहेत का बघा. ते नसले तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावल्यावर चार्जर वीजच सोडत नाही. मग लोक सॉकेट खराब निघालं म्हणून शिव्या देत बसतात.

स्वरगंधा_सांगली
मी गाण्याचे वर्ग घेते, माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे एका पालकांनी मोठ्या हौसेनं असंच मॉड्यूल बसवून दिलं होतं. तानपुरा चालायचा, आवाजही मोठा. पण मंद्र षड्ज सुटून पुढच्या आवर्तनातला पंचम येईपर्यंत जी जागा असते ना, तिथं एक बारीक "किंऽऽ" ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं पंख्याचा आवाज आहे. पंखा बंद केला, खिडकी लावली, तरी तिथंच. आवाजाचं बटण कमी केलं तर तानपुरा लहान व्हायचा आणि ते "किंऽऽ" आहे तेवढंच राहायचं. सेल घातले की गायब.
मुलं त्या तानपुऱ्यावर स्वर लावायला शिकत होती. ज्या मुलाचा कान अजून तयार व्हायचाय त्याला आपण तानपुऱ्याबरोबर एक परका स्वर रोज तासभर ऐकवतोय, हे मला सहन होईना. मोठ्यांच्या भजनात टाळ-पखवाजाखाली ते झाकून जाईल. पण "चालतंय ना" एवढ्यावर थांबू नका. शांत खोलीत, कमी आवाजावर, सेल घालून आणि पॉवर बँक लावून असं दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

सोल्डरगन_इस्लामपूर
ताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. भार पुरेसा असला की हे कन्व्हर्टर सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा चालू-बंद होतात, ते कानाला कळत नाही. पण तानपुरा फारच कमी करंट ओढतो. भार कमी असला की कन्व्हर्टर थांबत-थांबत ठोके देतो आणि ते ठोके ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरतात. म्हणून आवाजाचं बटण कमी केलं तरी ते राहतं, कारण ते बटणाच्या पुढच्या भागात पुरवठ्यातून शिरतं.
उपाय आहे. मॉड्यूल आणि वाद्य यांच्यामध्ये १०० मायक्रोहेन्रीचं कॉइल आणि त्यापुढं ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. वायर आखूड ठेवायच्या आणि मॉड्यूल अ‍ॅम्प्लिफायरच्या भागापासून जमेल तेवढं लांब. बराच फरक पडतो.

स्वरगंधा_सांगली
"बराच" म्हणजे पूर्ण नव्हे ना?

सोल्डरगन_इस्लामपूर
पूर्ण जाईल असं बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, ते आतल्या बोर्डवर अवलंबून आहे.

वारणाकाठ
एवढं कशाला? वायफाय राउटर लाइट गेल्यावर पॉवर बँकेवर चालवायला केबल मिळते, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला गोल पिन. ५ चे ९ करणारी वेगळी, १२ करणारी वेगळी. कुठल्याही मोबाइलच्या दुकानात विचारा. खोकं उघडायला नको का सोल्डर नको.

पेटी_आणि_कीबोर्ड_कराड
वारणाकाठ, केबल चांगली आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून ठळक लिहितो : राउटरच्या केबलला मधल्या पिनेत अधिक असतो. जुन्या कॅसिओ कीबोर्डांना मधल्या पिनेत उणे लागतो. दोन्हीच्या पिना एकमेकांत मस्त बसतात, तिथंच घात होतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कीबोर्डांत उलट्या अडॅप्टरचे बळी नेहमीचेच. नशीब असेल तर आतला संरक्षक डायोड किंवा फ्यूज जातो आणि थोडक्यात सुटतं. नसेल तर मुख्य चिप जाते, आणि जुन्या मॉडेलची चिप आता शोधून सापडत नाही.
तासगावच्या काकांच्या तानपुऱ्याला मध्ये अधिक आहे, त्यांना ही केबल चालेल. पण शेजाऱ्याचा कॅसिओ दिसला म्हणून तीच केबल त्याला लावू नका.

सतारमेकर_गल्लीजवळ
राग मानू नका, पण मिरजेपासून तासगाव काही लांब नाही. आमच्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा, वर्षानुवर्षं वाळवलेला. कारागीर घोडी घासत बसतो आणि तारेखाली सुती दोरा केसभर पुढं-मागं सरकवतो. एका क्षणी तार बोलायला लागते. ती जवारी. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर विसावले ते मिरजेतच, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा आजही होते. त्या गावाच्या अंगणात तुम्ही पेटीतल्या तानपुऱ्याला बॅटरी कशी जोडायची हे विचारताय. खऱ्या तानपुऱ्याला ना लाइट लागते ना चार्जर.

काकडा_तासगाव
दादा, तुमचा मुद्दा मनापासून पटतो. पण पहाटे थंडीत तार उतरते, ती लावायला कानाचा माणूस लागतो आणि आमच्यात तसा एकच आहे. तो ऊसतोडीच्या गडबडीत असला की तानपुरा भिंतीला टेकून राहतो. पेटीचं बटण शाळेतलं पोरही दाबतं.

सतारमेकर_गल्लीजवळ
हे मान्य. तार लावायला शिकायचं असेल तर दोन पोरं मिरजेला पाठवा, ओळखीच्या कारागिराकडे बसवतो. फुकट.

काकडा_तासगाव
पाठवतो! व्यक्तिगत निरोप करतो तुम्हाला.

आयटीवाला_हिंजवडी_मूळ_विटा
मोबाइलवर तानपुऱ्याची अ‍ॅप आहेत की. स्पीकर जोडा आणि मोकळे व्हा.

स्वरगंधा_सांगली
आहेत आणि चांगली आहेत, मीही प्रवासात वापरते. पण देवळात मध्येच फोन वाजला की तानपुरा थांबतो आणि काकडा सोडून सगळे त्या फोनकडे बघतात.

माउली_लोणंद
आमच्या दिंडीतल्या संध्याकाळच्या कीर्तनाला आम्ही पॉवर बँकेवर छोटा तानपुरा लावतो. आमचा ५ व्होल्टवरच चालणारा आहे. तरी एक अडचण आली, ती सांगून ठेवतो. थोड्या वेळानं पॉवर बँक आपोआप बंद व्हायची. बटण दाबलं की चालू, परत बंद. बँकेला वाटतं मोबाइल भरला. करंट अगदीच कमी जात असला की ती झोपते. काही बँकांत कमी करंटची वेगळी सोय असते, बटण दोनदा किंवा लांब दाबून. आमच्यात नव्हती, म्हणून एकानं तानपुऱ्याला समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर लावून दिला. त्यातून वरचा शंभरेक मिलिअँपिअर वाहतो आणि बँक जागी राहते.
आणखी एक. बँकेला दोन भोकं असली तरी कीर्तन चालू असताना दुसऱ्यात कुणाचा मोबाइल लावू देऊ नका. आमच्या बँकेत दुसरं उपकरण लावलं की पहिल्याची वीज क्षणभर तुटते. तानपुरा परत चालू होतो तो मूळच्या पट्टीवर. बुवा काळी एकमध्ये आणि तानपुरा भलतीकडे!

विश्रामबाग_लॅब
माउली, एक भर घालतो. तुमचा ४७ ओहम ५ व्होल्टवर ठीक आहे, त्यात अर्धा वॅट खर्च होतो, १ किंवा २ वॅटचा रेझिस्टर पुरतो. पण तोच कुणी ९ व्होल्टवर लावला तर पावणेदोन वॅट होतात. छोटा रेझिस्टर चटका देईल आणि प्लास्टिकला टेकला तर वितळवेल.
आता तासगावच्या काकांसाठी हिशेब. ९ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर म्हणजे जास्तीत जास्त ४.५ वॅट. बूस्टरची तूट धरून ५ व्होल्टच्या बाजूनं एक अँपिअरहून थोडा जास्त लागेल. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी भोकाला मुळात ५०० मिलिअँपिअरचीच मर्यादा, तिथं लावू नका.
माझा सल्ला वेगळाच आहे. तुमच्या पॉवर बँकेवर "पीडी" लिहिलंय का बघा. असेल तर बूस्टर हवाच कशाला? पीडी म्हणजे उपकरणानं मागितलं तर चार्जर स्वतःच ९ व्होल्ट देतो. मागायचं काम "पीडी ट्रिगर" नावाचा छोटा बोर्ड करतो, तो आत बसवलेली तयार केबलही मिळते, एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन. बूस्टरचं स्वस्त मॉड्यूल वाटेतून गेलं की त्याचा आवाजही गेला. पॉवर बँकेच्या आत कन्व्हर्टर असतोच, पण तो सहसा नीट गाळणी लावलेला असतो.

घरचा_जुगाड_वाई
माझा तानपुरा उघडला तर आत ७८०५ रेग्युलेटर दिसला. म्हणजे आतलं सगळं ५ व्होल्टवरच चालतंय ना? मग ९ करून परत ५ करायचे हा उलटा धंदा कशाला? यूएसबीचे ५ थेट ७८०५ च्या आउटपुट पायाला दिले की झालं.

सोल्डरगन_इस्लामपूर
हे मात्र करू नका. ७८०५ मागं बहुतेक फक्त स्वर तयार करणारी चिप असते. स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा थेट ९ व्होल्टवर असतो. तुम्ही रेग्युलेटरच्या आउटपुटला मागून वीज दिली तर अ‍ॅम्प्लिफायर उपाशी राहतो, आणि रेग्युलेटरमधून उलटा करंट इनपुटकडे शिरतो. शिवाय कुणी चुकून अडॅप्टरही लावला तर दोन पुरवठे एकमेकांना भिडतात. वाद्य मूळ वाटेनंच जेवू द्या.

वारणाकाठ
मग सेलच्या जागी बसणारे डमी सेल? यूएसबीची वायर निघालेले मिळतात.

सोल्डरगन_इस्लामपूर
चालतात, व्होल्टेज जुळत असेल तर. पण पट्ट्यांना बाहेरून वीज देताना आत खरे सेल ठेवायचे नाहीत, एकही नाही. साधे सेल चार्ज व्हायला गेले की फुगतात, गळतात आणि पट्ट्या खातात. दोन्ही ठेवायचंच असेल तर प्रत्येक वाटेत शॉट्की डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा. १एन५८१९ घेतला तर त्यात साध्या डायोडपेक्षा निम्म्याहून कमी व्होल्ट पडतात.
आणि वर मी भाच्याला उघडू द्या म्हणालो होतो ना, पॉवर बँक पीडीची निघाली तर विश्रामबागचं ऐका. वाद्याला भोक न पाडता काम होत असेल तर तेच खरं.

नादखुळा_मिरज
सोल्डरगननं सोल्डर नको म्हटलं! स्क्रीनशॉट काढून ठेवतो 😄

काकडा_तासगाव
मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.
पॉवर बँक पीडीची निघाली, मागं बारीक अक्षरात ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १२ व्होल्ट असं छापलंय. भाच्यानं ९ व्होल्टची ट्रिगर केबल मागवली. तानपुऱ्याला लावण्याआधी त्यानं पिनेवर मल्टिमीटर धरला, ९.१ आले, आत अधिक, बाहेर उणे. मग वाटेत मीटर जोडून करंट मोजला. आम्ही भजनात ठेवतो तेवढ्या आवाजावर साधारण १८० मिलिअँपिअर. बँक आपोआप बंद पडत नाही.
स्वरगंधाताईंनी सांगितलं तसं रात्री सगळं शांत झाल्यावर देवळाच्या गाभाऱ्यापुढं बसून ऐकलं. आधी सेलवर, मग केबलवर. आमच्यातला कानाचा माणूस मुद्दाम बोलावला होता. त्याला डोळे मिटायला लावले आणि भाचा मागं बदलत होता. त्याला फरक ओळखता आला नाही. फक्त पॉवर बँक घरच्या चार्जरला लावून ठेवलेली असताना आणि तानपुरा मिक्सरलाही जोडलेला असताना खर्ज "हुंऽऽ" यायचा. चार्जर काढला की बंद. म्हणून आता बँक घरून भरून आणायची, देवळात चार्जरला लावायची नाही, असं ठरवलंय.
केबलचं वजन गोल पिनेवर येत होतं, तर पेटीच्या कडीला कापडी पट्टीनं बांधून टाकली.

स्वरगंधा_सांगली
डोळे मिटून ऐकवलंत हे फार आवडलं. तुमच्या त्या कानाच्या माणसाला माझा नमस्कार.

विश्रामबाग_लॅब
मस्त काम. तो "हुंऽऽ" ग्राउंड लूपचा, म्हणजे चार्जर आणि मिक्सर दोन्ही वाटांनी जमीन मिळते म्हणून. तोडगा बरोबर काढलात.
१८० मिलिअँपिअर धरले तर १.६ वॅट. तुमची १०,००० ची बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ३७ वॉट-तास, तूट जाऊन ३० धरा. म्हणजे १८ तासांच्या आसपास. बँक जुनी असेल तर त्याहून कमी, पण आठवडाभराचा काकडा आरामात निघावा.

माउली_लोणंद
म्हणजे दिंडीत दर मुक्कामाला चार्जिंगसाठी धावायला नको. पुढच्या वर्षी आम्ही मोठा तानपुरा नेतो.

कृष्णामाईची_लेक
धागा उशिरा वाचला. माझ्या मुलीचा यामाहाचा पीएसआर कीबोर्ड आहे. मागं सहा सेल, म्हणजे ९ व्होल्ट. पण अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ७०० मिलिअँपिअर, मध्ये अधिक. मग ९ ची केबल घेऊ की १२ ची?

विश्रामबाग_लॅब
ताई, सेल आणि अडॅप्टर वेगळं सांगत असतील तर गोल भोकात अडॅप्टरच्या लेबलवरचंच द्यायचं, म्हणजे १२. पण एक मेख आहे. पीडीत ५, ९, १५ आणि २० हे ठरलेले टप्पे, १२ देणं बंधनकारक नाही. तासगावच्या काकांच्या बँकेवर १२ छापलंय, तुमच्या बँकेवर असेलच असं नाही. नसेल तर १२ ची ट्रिगर केबल लावूनही ९ किंवा ५ च मिळतील. १५ ची केबल मात्र अजिबात लावायची नाही.
बँकेत १२ नसेल तर राउटरची १२ वाली केबल उरते. पण कीबोर्ड पूर्ण ७०० ओढायला लागला तर ५ व्होल्टच्या बाजूला जवळपास २ अँपिअर लागतात, आणि स्वस्त केबल तिथं तापते. बँकेच्या मागच्या लेबलचा फोटो टाका, बघून सांगतो.